सासूला बाहेर बसवणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची साठी पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे आणि त्यात मीही चार शब्द सांगावेत, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसू आलं. जिने आयुष्यात पाटीवर रेघ ओढली नाही तिच्याकडे लेख मागायला आले, म्हणजे लिहिणाऱ्यांची मोठीच टंचाई पडलेली दिसते. पण निरोप आणणारी म्हणाली, "आजी, तुमी नुसतं बोला. लिहायचं आमी बघू." बोलायला माझी कधीच ना नसते. आजवर माझं बोलणं थांबवणारी एकच बाई मला भेटली आणि हे पुस्तक त्यांच्याच गौरवाचं आहे.

लिहून घेते आहे माझी सून, सुमन. जी हकीकत सांगणार आहे ती तिचीच. "सगळं सांगा, काही गाळू नका," असं तिनंच मला बजावलं आहे. माझी बोली तिने लिहिताना जरा धुऊन-वाळवून घेतली आहे, एवढं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

शैलजाताईंची आणि आमची ओळख झाली त्याला बारा वर्षं होऊन गेली. सुमनचं पहिलं बाळंतपण. तिची आई आधीच वारलेली, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. मुलगा झाला. मी गल्लीभर पेढे वाटले. दोन महिने होतात न होतात तोच पोरगी गप्प झाली. बाळ मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची. मी वेणी घालीन तेव्हाच तिच्या केसांना फणी लागायची. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, नारायणगडाला नारळ फोडून आले. माझ्या मनात एकच होतं की मुलगा झालेल्या बाईला दुःख कसलं? शेवटी गावच्या आशाताई हात धुऊन मागे लागल्या. म्हटलं, चला, पाटोद्याचा बाजारही होईल आणि यांचा दवाखानाही.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची तपासणी होती तिथं शैलजाताई सिस्टर होत्या. माणूस डॉक्टरांपुढे जाण्याआधी त्याच्याशी बोलायचं, त्याला नीट न्याहाळायचं आणि केसपेपरवर लिहायचं, हे त्यांचं काम. आम्ही समोर बसलो. बाळ माझ्या मांडीवर होतं.

"नाव काय ताई तुमचं?" त्यांनी सुमनला विचारलं.

"सुमन," मी म्हणाले.

"मी त्यांना विचारलं, आजी."

"ती जास्ती बोलत न्हाई. मी सांगते की."

"झोप लागते का, सुमन?"

"लागती. बाळंतीण हाय, तिला दुसरं काम काय?"

"जेवण जातं?"

"मी समोर बसून चारते. जात न्हाई म्हंजे काय!"

असं बराच वेळ चाललं. त्या विचारायच्या सुमनला, उत्तर द्यायची मी, आणि त्या काहीच लिहीत नव्हत्या. मला वाटलं, ह्या बाईलाही माझ्यासारखंच लिहिता येत नसणार. मग एकदा त्यांनी एक ओळ लिहिली. ती काय होती ते मला पुढे कळलं. ओळ अशी होती : "सासू बोलतात. सून प्रत्येक प्रश्नाला सासूच्या तोंडाकडे बघते."

सून आजारी असली तरी गुणाची आहे, हे सिस्टरबाईंना कळायला हवं, असं मला वाटलं. म्हणून मी कौतुक सुरू केलं. "लई मनाची मोठी हाय हो माझी सून. पंधरा दिवसांत तिनं लग्नातली नवी साडी माझ्या लेकीला देऊन टाकली. चांदीचे पैंजण जावेच्या पोरीला. माहेरून आलेला, नाव घातलेला डबा शेजारणीला. माझं माझं म्हणून काही धरून ठेवत न्हाई. अन् बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, कशानं शांत होतं, ते सगळं माझ्या लेकीला शिकवून ठेवलंय."

शैलजाताईंनी पेन खाली ठेवलं.

आपण काहीतरी फार चांगलं बोललो, असं मला वाटलं. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आजी, बाळाला घेऊन जरा बाहेर लिंबाखाली बसा."

"मी तिची सासू हाय. मला बाहेर काढून काय बोलायचंय?"

"सासू आहात म्हणूनच."

माझ्या तोंडावर असं बोलायची हिंमत तोवर कुणाची झाली नव्हती. मी बाहेर गेले, पण लिंबापर्यंत गेले नाही. दाराला नुसता पडदा होता, त्याच्याशीच उभी राहिले. लपवून काय करू? कान लावून ऐकत होते. आतून सिस्टरबाईंचा आवाज आला. आवाज न चढवता, न दाबता, भाकरी हवी का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सुमन, जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी पडदा सारून आत शिरले. "अगं बाई! कावून असलं अभद्र विचारता? न्हाई ते पोरीच्या डोक्यात घालता व्हय? आमचं घर काय तसलं हाय का?"

दवाखान्यातली माणसं गोळा झाली. शैलजाताई उठल्या. मला वाटलं, आता ही बाई मला हाकलणार. त्यांनी माझ्या कोपराला धरलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, मी काही घालत नाही. आत आहे का, एवढंच बघते."

आणि तेवढ्यात सुमन बोलली. आठ-दहा दिवसांत तिच्या तोंडून शब्द नव्हता. ती म्हणाली, "हाय."

बाळ रडत होतं, मी रडत नव्हते. शैलजाताईंनी पुढचंही विचारलं : कधीपासून, कसं, काही ठरवलं आहे का. सुमननं सगळं सांगितलं. येता सोमवार ठरलेला होता. आम्ही शुक्रवारी गेलतो.

त्या दिवशी बाजार झाला नाही. डॉक्टरांनी सुमनला तपासलं आणि दवाखान्याच्या गाडीतून आम्हा तिघांना बीडला पाठवलं. शैलजाताईंनी तिथल्या वॉर्डात स्वतः फोन करून सांगितलं, बाळ आईजवळच राहू द्या आणि या बाईला एकटं सोडू नका. माझा मुलगा तेव्हा माजलगावकडे ऊसतोडीला गेलता. त्यालाही त्यांनीच फोन लावला. आधी मी बोलले. तो म्हणाला, आईच्या सांगण्यावर टोळी सोडून कसा येऊ? माझ्याकडून फोन घेऊन त्या म्हणाल्या, "आईच्या सांगण्यावर येऊ नका. बायको आजारी आहे, म्हणून या." दुसऱ्या दिवशी तो वॉर्डाच्या पायरीवर उभा होता.

गाडीत बसण्याआधीची एक गोष्ट राहिली. शैलजाताईंनी कागदावर जे लिहिलं होतं ते आम्हाला वाचून दाखवलं. "तुमच्याबद्दलचं आहे, तुम्हाला माहीत असायला हवं," म्हणाल्या. सुमन म्हणाली होती, "डोक्यात वारूळ झालंय, आत सारखी मुंग्यांची ये-जा." ते तसंच्या तसं लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणी 'बेचैनी' एवढा एकच शब्द लिहून कागद पुढे सरकवला असता. माणूस जे बोललं ते त्याच्याच शब्दांत ठेवायचं, आपल्या शब्दांत वळवायचं नाही, ही त्यांची शिस्त पुढे मी कितीदा तरी पाहिली.

पुढे दर तपासणीला त्या बाकावर बसून मी त्यांचं काम बघत असे. एकदा भावांनी एका माणसाला दोरीने बांधून आणलं होतं. शैलजाताईंनी केसपेपरला हात लावला नाही. "आधी दोरी सोडा. बांधलेल्या माणसाची तपासणी केली तर ती दोरीचीच होईल." भाऊ म्हणाले, "मारंल बाई तो." त्या म्हणाल्या, "मला मारील, तुम्हाला तर नाही ना?" दोरी सुटली. त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं, त्याच्या वाटेत न येता बाजूला बसल्या आणि मग नाव विचारलं. तो पाणी प्यायला आणि त्याने नाव सांगितलं. त्याच्या मनगटावरचे वळ मात्र त्यांनी कागदावर लिहिले, हे मी पाहिलं.

सुमन घरी आली तेव्हा शैलजाताईंनी मलाही काम लावलं. "आजी, तुम्ही उत्तरं देऊ नका, पण बघत राहा. जेवली का, झोपली का, आपण होऊन बोलली का." मी म्हटलं, "बघीन, पण महिनाभराचं ध्यानात कसं राहायचं? मला कुठं लिहिता येतंय?" त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "घरात धान्य आहे ना?" ठरलं ते असं : पोटभर जेवली त्या दिवशी डबीत एक तुरीचा दाणा, रात्री झोप लागली तर एक मुगाचा, आणि आपल्या मनाने चार शब्द बोलली तर एक हरभरा. महिन्याने मी डबी घेऊन जायची. त्या टेबलावर दाणे पसरून निवडायच्या आणि कागदावर उतरवून घ्यायच्या. डॉक्टरही माझ्या डबीची वाट बघायचे.

आता एक कबुली देते. दुसऱ्या महिन्यात तूर फार कमी जमली. मला वाईट वाटलं. सिस्टरबाई एवढ्या राबतात, त्यांना बरं वाटावं, म्हणून मी पाच-सहा दाणे वर टाकले. त्यांनी डबी ओतली, सुमनच्या गालांकडे पाहिलं, तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, यंदा तुमच्या घरी तूर लईच पिकली की हो!" सुमन हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली आणि तेही माझी चोरी पकडली म्हणून! मग शैलजाताई गंभीर झाल्या. "तुमच्या दाण्यांवर डॉक्टर गोळी कमी-जास्त करतात. मला बरं वाटावं म्हणून टाकलेला दाणा हिच्या जिवावर बेतू शकतो." त्यानंतर मी एक दाणाही इकडचा तिकडे केला नाही.

दीड-दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत निघाले होते. शैलजाताई म्हणाल्या, "सुमन, तुम्ही बाळाला घेऊन बाहेर बसा. आज मला आजींशी बोलायचंय." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीया?" त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यावर एवढ्या का भडकलात?"

मी दोन-तीन विनोद केले. त्या हसल्या नाहीत, आणि दुसरा प्रश्नही विचारला नाही. ही बाई गप्प बसते तेव्हा समोरच्याला पळायला जागा राहत नाही. मग मी सांगितलं. मला धाकटी बहीण होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विहिरीवर गेली ती परत आली नाही. घरात सगळ्यांनी पाय घसरला म्हटलं. मीही आयुष्यभर पाय घसरला असंच म्हटलं. ती जायच्या आधी आठ दिवस मला भेटायला आलती. तिनं स्वतःची जरीची चोळी मला दिली. मी घेतली आणि चार बायकांत सांगितलं, लई मनाची मोठी हाय माझी बहीण. तिला कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. असलं विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

"जाऊ द्या," "तुम्हाला कसं ठाऊक असणार," असं शैलजाताई म्हणाल्या नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

इतक्या वर्षांत आमच्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. आई-बापांनी घेतलं नाही, मी घेतलं नाही. मी म्हणाले, "चंद्रभागा." आणि मग मला रडू आलं. किती वेळ, ते ठाऊक नाही. बाहेर पेशंटांची रांग होती. शैलजाताईंनी रांगेला थांबायला सांगितलं.

आता त्या नोकरीतून मोकळ्या होत आहेत. त्यांनी तालुक्यात किती माणसं तपासली, ते दवाखान्याच्या कागदांत असेल. मला तेवढं कळत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की इतरांनी जे बोलायचं टाळलं ते त्यांनी विचारलं आणि ज्यांची उत्तरं दुसरेच देत होते त्यांना त्यांनी स्वतः बोलू दिलं. गावात अजून माझ्यासारख्या पुष्कळ सासवा आहेत. त्यांना बाहेर बसवायला नव्या सिस्टरबाईंना शिकवून जा, एवढीच माझी विनंती.

शैलजाताई, मला माझं स्वतःचं वय माहीत नाही, त्यामुळे माझ्याएवढं आयुष्य तुम्हाला मिळो म्हटलं तर हिशेब लागायचा नाही. म्हणून सरळच सांगते. तुमचे पाय दुखू नयेत, रात्री शांत झोप लागावी, तोंडाला चव राहावी आणि मन हलकं राहावं. पुष्कळ वर्षं राहावं. आमच्या घरी दोन्ही वेळा जेवढी ताटं वाढली जातात त्यांतलं एक तुमच्या विचारण्यामुळे आहे. तुमी लई जगा.