वापसीची गाडी

"वापसीची शेवटची गाडी कितीला?"

लातूरच्या स्टँडवर कुठल्याही गाडीत पाय ठेवण्याआधी भाई कंडक्टरला हेच विचारायचे. गाडी नांदेडला जाणार की देगलूरला, हा प्रश्न नंतरचा. कंडक्टर वैतागायचा, "अहो, आधी चढा तर!" भाई हलायचे नाहीत. "जायचं जमतंच हो. यायचं काय?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमच्या कोचिंग क्लासचं नेटवर्क ते सांभाळायचे. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गल्लोगल्ली क्लासेस अन् होस्टेलं झाली, तसे भाई रेडिओवरून राऊटरवर आले. मी तिथली कम्प्युटर लॅब बघायचो. वयानं त्यांच्या मुलाएवढा, तरी मला 'मास्तर' म्हणायचे.

क्लासनं रस्त्यापलीकडे दुसरी इमारत घेतली. चाळीस कम्प्युटर, नवा राऊटर, वेगळं नेटवर्क. पण मशिनींना नंबर वाटणारा सर्व्हर जुन्या इमारतीत. मी म्हणालो, "भाई, मधे दोन राऊटर. इकडचं तिकडं ऐकू कसं जाणार?"

भाईंनी भूकंपाचं काढलं. "आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. बाया तिथूनच ओरडायच्या, चादर द्या, कंदील द्या. मदतीच्या हापिसात कुणाला ऐकू येतंय? मग मी चिठ्ठ्या लिहून हापिसात नेऊ लागलो. अन् पहिल्या दिवशी शेडचा नंबरच टाकला न्हाई! चादरी निघाल्या, दुसरीकडंच गेल्या. माझी माय कुडकुडत बसली."

मग नव्या राऊटरवर हात ठेवून म्हणाले, "ह्याला तेच काम द्यायचं. डीएचसीपी रिले म्हणतात. इथल्या मशिनीची हाक ऐकायची, वर आपला ठिकाणा टाकायचा, पलीकडं पोचवायची. अन् पलीकडच्या राऊटरला वापसीची वाट सांगून ठेवायची. न्हाईतर जबाब निघतो अन् भटकत बसतो."

रिले त्यांनी लावला. जुन्या राऊटरमध्ये परतीची वाट टाकायचं काम मला दिलं, शिकावं म्हणून. चाळीसच्या चाळीस मशिनी चालू झाल्या.

"सेव्ह केलं ना, मास्तर?"

"हाव, केलं," मी ठोकून दिलं. केलं नव्हतं. पुन्हा रस्ता ओलांडून जायचा कंटाळा, दुसरं काय!

ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी सकाळी लाईट गेली अन् आली. जुना राऊटर बंद होऊन चालू झाला आणि मी टाकलेली वाट विसरला. परीक्षा दहाला. नव्या इमारतीत एकाही मशिनीला नंबर नाही, पालक गेटवर आरडाओरडा करताहेत, मी नव्या राऊटरच्याच वायरी काढून घालतोय. भाई स्कूटरवरून येईपर्यंत साडेदहा झाले. त्यांनी स्क्रीन पाहिली. "निरोप जाऊन राहिलाय, जबाब येईना." तसेच जुन्या इमारतीत गेले, वाट टाकली, सेव्ह केली. पाच मिनिटांचं काम.

संचालक लालबुंद झाले होते. "कुणाची चूक?"

माझी नोकरी जाणार, हे उघड होतं. त्यात लग्न ठरलेलं. भाई म्हणाले, "माझी."

त्याच आठवड्यात भाईंचं काम बंद झालं. मी तोंडातून शब्द काढला नाही. आजही स्वतःची लाज वाटते.

पुढे भेटले की हसून चहा पाजायचे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मी तर नाहीच नाही.

वर्षभरात त्यांना छातीचं दुखणं निघालं. ऑपरेशनसाठी नांदेडला मुलीकडे निघाले. मी पोचवायला स्टँडवर गेलो. भाईंनी कंडक्टरला काहीच विचारलं नाही, सरळ खिडकीशी जाऊन बसले. खिडकीखालून बोलून टाकलं, "भाई, सेव्ह मी केलं नव्हतं."

"मालूम हाय की हो."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"माझं काय, मी रेडिओ उघडून बसंन. तुमचं लगीन मोडलं असतं."

गाडी सुरू झाली. मी दाराशी पळालो. "वापसीची शेवटची गाडी कितीला?"

"नांदेडहून? पाचला," कंडक्टर म्हणाला.

"भाई, पाचला!" मी ओरडलो. ते हसले, हात वर केला.

तसाच क्लासवर गेलो आणि संचालकांना सगळं सांगितलं. दोन वर्षांत कमावलेला भरोसा गेला, नोकरी कशीबशी राहिली. शेवटी संचालक म्हणाले, "त्यांना परत बोलवा."

भाईंचा फोन लागेना. दोन दिवसांनी मुलीनं उचलला.

"अब्बांना आत्ताच ऑपरेशनला नेलं. बाहेर आले की सांगते."

भाई आले नाहीत.