जर्मनची होडी

आमच्या सासरी ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत. जर्मनचा टोप, जर्मनची परात, जर्मनचा डबा. त्यामुळे पेणजवळच्या त्या खाडीकाठच्या घरात ‘जर्मनची होडी’ घ्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा रोह्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली मी मनातल्या मनात हसले. मला भातुकलीच वाटली ती. पुढे त्याच होडीपायी आपण नव्या साडीसकट गुडघाभर चिखलात उभ्या राहणार आहोत, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

सगळं सुरू झालं ते आबांच्या खांद्यापासून. आबा म्हणजे माझे सासरे. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं आणि उरलेलं खाडीत. घरची लाकडी होडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. दरवर्षी डांबर पिऊन पिऊन ती इतकी जड झाली होती, की तिला चिखलातून काठावर ओढायला दोन माणसं लागत. त्यातलं एक माणूस आबा असले तर दुसरं लागत नसे, असं गावात म्हणत. पण आदल्या पावसाळ्यात बांधावरून घसरून त्यांचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला, पण पूर्वीचा राहिला नाही. त्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं, “होडी एकट्यानं वर वढाल, तवा एकटं जा. तवर कोनाला तरी संगं न्यायचा.”

तेव्हापासून आबा खाडीवर निघाले की फडक्यात भाकऱ्या दोन माणसांच्या बांधल्या जात. सोबत कधी शेजारचे चाचा, कधी आमचे हे. आबा फडकं हातात घेत, जरा वजन करून बघत आणि मुकाट निघत. माणूस खाडीवर जातो तो गप्प बसायला, असं त्यांचं मत. आणि आमचे हे तर झोपेतही बोलतात.

चाचा कित्येक वर्षं आखातात काढून परतले होते. येताना त्यांनी टेपरेकॉर्डर आणला, अत्तर आणलं आणि कुणास ठाऊक कशाला, होड्यांचं एक गुळगुळीत रंगीत पुस्तकही आणलं. पानोपानी ॲल्युमिनियमच्या होड्या. एकीत गोरा बाप, गोरी आई, दोन पोरं आणि एक कुत्रा. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, कुत्र्याच्यासुद्धा. सासूबाई त्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. “याला सर्दी झालीय काय गो?” त्यांनी मला विचारलं. आबा मात्र एका पानावर थांबले ते थांबलेच. त्या चित्रात एक माणूस होडी उलटी करून डोक्यावर घेऊन चालला होता. एकटा. आबांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

मग घरात बैठका सुरू झाल्या. होडी घ्यायची तर सगळ्यांच्या उपयोगाची, यावर एकमत झालं आणि तिथेच घोळ झाला. ह्यांना मागे इंजिन बसवायला जागा हवी होती. इंजिन कुठून येणार, हे विचारायचं नाही. सासूबाईंना तीन पोती भात मावायला हवा होता आणि पलीकडच्या गावी लग्नाला जाताना नेसत्या साडीला थेंबही लागायला नको होता. मला पलीकडचा एस.टी.चा थांबा गाठायचा होता, म्हणजे माहेरी जाताना लांबचा वळसा वाचला असता. ही माझी मागणी मी हळूच मांडली आणि तिची नोंद कुणीच घेतली नाही.

“मना हलकी पायजे,” आबा म्हणाले. त्याचीही कुणी घेतली नाही.

मोठा अडसर होता सासूबाईंचाच. “जर्मनच्या टोपात मी कधी मीठ ठेवत नाय. रातभर ठेवला तर भोकं पडतात. आन तुमी आख्खी होडी खाऱ्या पान्यात ठेवनार?”

“वयनी, ती टोपाची जर्मन नाय, जहाजाची हाय,” चाचांनी समजावलं.

“जर्मन ती जर्मन,” सासूबाई म्हणाल्या. पण बघायला यायला तयार झाल्या.

बघायला म्हणजे रोह्याला. तिथे कारखान्यांच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडे मोडलेल्या जहाजावरच्या तीन होड्या पडल्यात, ही बातमी मीच माहेराहून आणली होती. मोठ्या ऐटीत सांगितली होती, म्हणून पुढचं सगळं खापर माझ्या डोक्यावर.

आम्ही टेम्पो करून गेलो. ह्यांनी सगळ्यात मोठी होडी धरली, कारण तिला इंजिनाची जागा होती. सासूबाई पसरट होडीत जाऊन मांडी घालून बसल्या आणि तीन पोत्यांची जागा हाताने मोजू लागल्या. आबा कोपऱ्यातल्या तिसऱ्या, चिंचोळ्या होडीपाशी होते. कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी तिचं टोक डाव्या हाताने उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मी बघत होते. इतका खूश चेहरा मी त्या घरात आल्यापासून पाहिला नव्हता.

वादावादी हातघाईवर आली, तेव्हा सासूबाईंनी निकाल लावायची रीत सांगितली. आमच्याकडे घागर घ्यायची तर दुकानातच पाणी भरून बघतात, गळते का ते. “भरा पानी!” त्या म्हणाल्या. होडीत पाणी बाहेरून येतं, आतून जात नाही, असं भंगारवाला सांगून दमला. शेवटी त्याने बिचाऱ्याने रबरी नळी लावली. मोठी होडी पाच ठिकाणी गळली. पसरट तर चाळणीच निघाली. चिंचोळी काठोकाठ भरली आणि बुडाशी टिपूस नाही. सासूबाईंनी तिला बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, “हीच.” आबांनी तोंड फिरवलं, पण हसू कानापर्यंत गेलेलं मागूनही दिसत होतं.

आता भरलेली होडी उलटायची कशी? भंगारवाल्याने मागच्या बाजूला वाकून बुडाजवळचं बूच काढलं, पाण्याचा लोट सासूबाईंच्या पायांवर गेला आणि बूच त्याने स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं. हे बूच तुम्ही लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नाही. लाकडी होडीला कसलं आलंय बूच!

दुसऱ्या दिवशी भरतीला होडीची पूजा झाली. हार, कुंकू, नारळ. मग सगळे बसले. सासूबाई पाटावर, मांडीवर प्रसादाचा जर्मनचा टोप. हे मागे, नसलेल्या इंजिनापाशी. मी छत्री, पर्स आणि नव्या साडीसह, माहेरच्या एस.टी.साठी. वल्ह्यावर आबा. काठापासून जरा पुढे गेलो आणि माझ्या चपला तरंगायला लागल्या.

“खाल्लान! मिठानं खाल्लान जर्मन!” सासूबाई ओरडल्या. भीतीपेक्षा त्यात आनंदच जास्त होता. त्या उतरल्या, हे उतरले, मी उतरले. पाणी गुडघाभर, त्याखाली चिखल तेवढाच. काठावरून चाचा “जाकीट! जाकीट!” असं ओरडत होते.

आबा बसूनच राहिले. त्यांनी टाचेने चाचपलं, मागे वाकले आणि शांतपणे म्हणाले, “मीठ येवढं गोल भोक पाडतं काय?”

आम्हा तिघांना एकदमच भंगारवाल्याचा खिसा आठवला.

आबांनी पूजेच्या नारळाची शेंडी उपटली, पिळून पिळून तिचा बोळा केला आणि टाचेने भोकात ठोकला. मग सासूबाईंच्या टोपातला प्रसाद माझ्या पर्समध्ये ओतून त्याच टोपाने पाणी उपसलं. होडी वर आली. “बसा,” आबा म्हणाले. एकही माणूस हलला नाही. तेव्हा त्यांनी वल्हं मारलं आणि निघून गेले. एकटे.

सासूबाई चिखलातच उभ्या राहिल्या. “खांदा,” एवढंच म्हणाल्या, आणि मला त्यांच्या त्या फर्मानाचा कधी राग आला असेल तर तो तिथेच विरला. बाई नुसती घाबरलेली होती.

ओहोटी लागता लागता आबा परतले. समोर चिखलाचा उतार. हे पुढे धावले, तर सासूबाईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. आबांनी दोर डाव्या खांद्यावर घेतला. मध्ये एकदा थांबले. मग होडी सरसरत वर आली, पार बांधापर्यंत.

“पाय धुवून घरात या,” सासूबाई म्हणाल्या आणि वळल्या.

ते बूच मी पुढच्या खेपेला रोह्याहून आणलं. आबांनी ते खुंटीला टांगून ठेवलं. होडीला शेवटपर्यंत नारळाची शेंडीच होती. पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा निघाले, तेव्हा सासूबाईंनी नेहमीसारखं फडकं पुढे केलं. आबांनी नेहमीसारखं हातात वजन करून बघितलं आणि दारातच थांबले. सासूबाई चुलीत फुंकर घालत होत्या, जाळ चांगला पेटलेला असूनही.

भाकऱ्या एकाच माणसाच्या होत्या.