मुकी जीप

चौसाळ्याच्या बिभीषण मासाळला गाडीतलं काय कळतं असं कुणी विचारलं, तर तो म्हणतो, "सगळं कळतं. गाडी चालू केली की मग कळायचं बंद होतं." हे शहाणपण त्याला अलीकडं आलंय. त्याआधी त्याला खरंच वाटायचं की आपल्याला सगळं कळतं, आणि त्या वाटण्यापायी त्यानं आपल्या जीपचं जे काही करून ठेवलं, ते तो आता स्वतःच बाजारात हसत हसत सांगतो. दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढं व्यवहारज्ञान त्याला आहे.

त्याचा धंदा जनावरांच्या दोऱ्यांचा. कासरे, दावी, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, गळ्यातल्या घंटा, घुंगरमाळा. वडलांकडं मेंढरं होती. बिभीषणाला पाऊसपाण्यात रानोमाळ हिंडण्याचा कंटाळा, म्हणून त्यानं मेंढरं सोडली आणि दोऱ्यांचं दुकान धरलं. आता तो नेकनूर, बीड, माजलगाव, झालंच तर लांबचं आष्टी असा बाजारोबाजार हिंडतो. म्हणजे हिंडणं काही चुकलं नाही, फक्त पायाऐवजी जीप आली.

ती जीप त्यानं घेतली तेव्हाच तिचे तीन मालक होऊन गेले होते. चार गिअरची, लोखंडी अंगाची, कितीही माल भरा, कुरकूर नाही. डावीकडच्या सीटवर रतनबाई, त्याची बायको, मांडीवर पिशवी घेऊन बसायची. गिऱ्हाईक पटवणं, भाव धरून ठेवणं, उधारीवाल्याला गोड बोलून वाटेला लावणं ही सगळी कामं तिची. बिभीषणाचं काम गाडी हाकणं आणि बाजारात दुकानाचं पाल ठोकणं. रस्ता खड्ड्यांचा होता तोवर जीप चाळिसाच्या पुढं जात नसे. रतनबाई वाटेत काहीबाही बोले, बिभीषण "हां, हां" म्हणे, आणि बाजार येई.

मग चौपदरी हायवे झाला. गुळगुळीत रस्ता बघून बिभीषणाचा पाय जड झाला. पण जीप जुन्या रस्त्यासाठी जन्मलेली. साठ ओलांडले की टॉप गिअरमध्येसुद्धा इंजिन असं ओरडायचं, की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटावं. बिभीषण मात्र खूश होता. आवाज म्हणजे ताकद, असा त्याचा समज. एके दिवशी रतनबाईनं पिशवी उचलली आणि सांगितलं, डोकं दुखतं, मी आपली एस्टीनं येते.

त्याला वाटलं, येईल दोन बाजारांनी परत. ती आली नाही. एस्टीत बायकांना अर्धं तिकीट, बसायला जागा, वर गप्पा. ती बाजारात त्याच्या मागून पोचायची, धंदा करायची आणि संध्याकाळी पुन्हा स्टँडवर जाऊन उभी राहायची. बिभीषण तिच्या सीटवर म्होरक्यांचा गठ्ठा ठेवायचा. वळणावर तो गठ्ठा त्याच्या अंगावर कलंडायचा. एकदा त्यानं गठ्ठ्याला "नीट बस की" म्हटलं आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली. करमत नव्हतं, हे खरं. पण पन्नाशीच्या माणसानं बायकोला तसं सांगावं कसं? त्यापेक्षा गिअरबॉक्स खोलणं सोपं.

म्हणून तो हनुमानच्या गॅरेजवर गेला. हनुमान चौसाळ्यातला मेकॅनिक, बिभीषणाहून दहाएक वर्षांनी लहान आणि हौसेला कुठंच कमी नाही. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, चार गिअरची पेटी काढून पाच गिअरची बसवायची. पाचवा पडला की चाकं तेवढीच फिरतात आणि इंजिन निवांत होतं. दुसरी, मागच्या एक्सलमधली क्राऊन-पिनियनची जोडी बदलायची. सायकलला मागचं चक्र लहान बसवलं की पायडल कमी मारावं लागतं, तसंच हे. फक्त चढाला मांड्या भरून येतात, ते ध्यानात ठेवायचं. दोन्हींतलं एकच करा, असं त्यानं बजावलं.

बिभीषणानं बजावलेलं ऐकलं आणि दोन्ही करायला सांगितलं. एका औषधानं ताप उतरतो, तर दोन औषधांनी तो परत यायचाच नाही, असा त्याचा हिशेब. भंगारबाजारातून पाच गिअरची पेटी आणली. क्राऊन-पिनियनची सगळ्यात निवांत जोडी शोधली, भंगारवाल्यासमोर उकिडवं बसून तिचे दात मोजले, आणि दोनदा मोजल्यावर वेगवेगळे आले तेव्हा मोठा आकडा खरा धरला. एवढ्यावर थांबला असता तर तो बिभीषण कसला? मागची चाकंही एक माप मोठी घातली. हनुमान म्हणाला, "भाऊ, घाट हाय मधी." बिभीषण म्हणाला, "घाट काय आज आलाय व्हय बे?"

आता हा घाट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गंमत तिथंच आहे. चौसाळा वर, डोंगराच्या माथ्यावर. बीड खाली. मांजरसुंबा मागं पडलं की घाट लागतो, आणि बीडला जाताना तो उतरायचा असतो. बिभीषणानं नव्या जीपची चाचणी घेतली ती बीडला जाताना. रिकामी गाडी, उतार, पाचवा गिअर. जीप मुकी झाली होती. आरशावर बांधलेल्या घुंगराचा आवाज त्याला पहिल्यांदा ऐकू आला. परत येताना घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि दम्याच्या माणसासारखी धापा टाकू लागली, तेव्हा त्यानं स्वतःला सांगितलं की वारा समोरून आहे.

शिवाय काट्याची वेगळीच भानगड झाली. मागची जोडी बदलल्यानं वेगाचा काटा खोटं बोलायला लागला. गाडी पासष्टनं पळत असली तरी तो पंचेचाळीस दाखवी. बिभीषणाला हे कळायला वेळ लागला. तोवर त्यानं पारावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लोक साठनं जातात तेवढ्या वेळात आपण पंचेचाळीसनंच पोचतो, याला म्हणतात डोकं.

मग त्यानं रतनबाईला विनवलं. एकदा बसून तर बघ, म्हणाला. बीडचा बाजार होता. ती पुढं येऊन बसली. बिभीषणाला इतका आनंद झाला की त्यानं म्होरक्यांचा गठ्ठा उगीचच दोनदा मागं सरकवला.

हायवेला लागल्यावर त्यानं पाचवा टाकला आणि तिच्याकडं बघितलं. आत सगळं शांत. रतनबाईनं साध्या आवाजात विचारलं, आष्टीच्या बाजाराला आता जायचं नाही हे नक्की ना? बिभीषण म्हणाला, असं कधी ठरलं? पोळ्याच्या आधी, ती म्हणाली, याच रस्त्यावर, तुम्ही हां म्हणालात. मग निघालं की माजलगावला दिलेल्या लेकीला, संगीताला, बाळंतपणाला दिवाळीनंतर आणायचं आणि तोवर मागची खोली रिकामी करायची, यालाही तो हां म्हणाला होता. शेवटी निघालं ते सगळ्यात भारी.

"आन ही जीप इकून लहान टेम्पो घ्यायचा, त्याला बी हां म्हनला तुमी," रतनबाई म्हणाली.

ज्या जीपसाठी त्यानं एवढा उद्योग केला, ती विकायला तो कधीच कबूल होऊन बसला होता. आपण इतका कबूल होणारा माणूस आहोत हे बिभीषणाला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं त्याच्या परस्पर त्याचा संसार ठरत होता, आणि ठरवणाऱ्यांत तो स्वतः हजर होता. घाट उतरताना गिअर गाडी धरून ठेवत नव्हता, सगळा भार ब्रेकवर. खाली पोचेपर्यंत जळका वास सुटला. रतनबाईनं नाकाला पदर लावला. बिभीषणानं पुढच्या ट्रकला शिव्या घातल्या.

बाजार चांगला झाला. अडचण परतीला होती, कारण दोऱ्यांच्या धंद्याची रीत उलटी आहे. बाकीचे बाजारकरी भरून जातात आणि रिकामे येतात. बिभीषण उरलासुरला माल घेऊन बीडला उतरतो आणि येताना सुताचे न् नायलॉनचे गठ्ठे भरून वर चढतो. त्यात वाटेवर मुक्ताबाई हात करून उभी. ती चौसाळ्याचीच, शेळ्यांची खरेदी-विक्री करणारी म्हातारी, आणि तिच्या हातात नुकताच घेतलेला दांडगा बोकड. बाजारकऱ्याला वाटेत सोडायचं नाही, हा दंडक. बोकडासकट तिला मागं गठ्ठ्यांवर बसवलं.

घाटाच्या पहिल्या वळणावर जीप तिसऱ्यावर आली, पुढच्या वळणावर दुसऱ्यावर, आणि त्यापुढं पहिला टाकला तरी तिला पुढं जायचं मन होईना. इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. गाडी मागं सरकू लागली. रतनबाईनं उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. मुक्ताबाई बोकडाला घेऊन उतरली. हलक्या झालेल्या जीपनं क्लचचा धूर काढत पुन्हा सुरुवात केली, ती माणसाच्या चालीनं. खरं सांगायचं तर चालीपेक्षाही कमी, कारण बोकड पुढं निघून गेला आणि मुक्ताबाई त्याच्यामागं फरफटत गेली. जाता जाता म्हणाली, विकायला काढीन तोवर याचं निम्मं वजन घाटातच उतरायचं. उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या मागं घेऊन, हॉर्न वाजवत पुढं गेले.

रतनबाई त्याच्या बाजूनं, दाराला लागून चालत होती. हातात दगड, गाडी थांबली की लावायला. खिडकी उघडी होती. बिभीषणाला घाम फुटला होता आणि त्याला वाईटही वाटत होतं. एरवी आवाजात लपून जाणारी गोष्ट तो बोलून गेला.

"तुझ्यासाठीच केलं गं सगळं. आवाजाचा तरास नको म्हनून."

रतनबाईनं दगड या हातातून त्या हातात घेतला.

"आवाजानं न्हाई उतरले मी," ती म्हणाली. "आवाज तर लगीन झाल्यापून ऐकते. तुमच्या हां-हांनं उतरले. एस्टीत शेजारी कोन बी बसतं, ना वळखीचं ना पाळखीचं. पर ते बी इचारतं, बाई, काय म्हनलाव?"

बिभीषणाच्या तोंडात सवयीनं "हां" आलं होतं. ते त्यानं गिळलं. त्या गडबडीत क्लचवरचा पाय सुटला आणि जीप पुन्हा बंद पडली. रतनबाईनं वाकून दगड लावला. गिअरबॉक्स असता तर त्यानं खोलला असता. रतनबाई बोलली ते खोलायला त्याच्याकडं पाना नव्हता.

माथ्यावर पोचल्यावर मुक्ताबाई आणि बोकड दोघंही त्यांची वाट बघत बसले होते. मांजरसुंब्यात चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी जीप परत हनुमानकडं गेली. त्यानं पाच गिअरची पेटी ठेवली, जुनी क्राऊन-पिनियनची जोडी परत घातली, चाकंही पूर्वीची. "भाऊ, मी म्हनलतो," एवढंच तो बोलला, आणि बिभीषणानंही मान्य केलं की त्यानं म्हटलं होतं. आता जीप ना मुकी, ना बोंबलणारी. हायवेला पाचव्यात गुणगुणते, घाट तिसऱ्यावर चढते. काटा खरं बोलायला लागला, त्यामुळं पारावरचं डोकं मात्र खाली घालावं लागलं. आवाज निम्मा उरला. तो निम्मा काही जात नाही, म्हणाला हनुमान, लोखंडाचाच आहे.

नेकनूरच्या बाजाराच्या सकाळी बिभीषण माल भरून उभा राहिला. डावी सीट त्यानं मोकळीच ठेवली होती. हाक मात्र मारली नाही, धीर झाला नाही. रतनबाई पिशवी घेऊन बाहेर आली, स्टँडच्या रस्त्याकडं एकदा बघितलं, आणि जीपमध्ये येऊन बसली.

हायवेला लागले. पाचवा पडला. एक कंटेनर धडधडत शेजारून गेला आणि तेवढ्यात रतनबाई काहीतरी बोलली. बिभीषणाला शब्दही कळला नाही. पूर्वीचा बिभीषण हां म्हणून मोकळा झाला असता. त्यानं सिग्नल दिला, जीप रस्त्याच्या कडेला घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तिच्याकडं तोंड केलं.

"काय म्हनलीस?"

रतनबाई मांडीवरची पिशवी नीट करत राहिली.

"काय न्हाई. थांबता का, ते बगत होते."

बिभीषणानं मान हलवली आणि पुन्हा किल्लीला हात घातला. तिनं तो हात धरला.

"थांबा की," ती म्हणाली. "आता सांगते."