तोंडाला कान जोडायची तार

कावळ्याच्या आधी वसंतभावजी आले.
बगलेत जुना कम्प्युटर, खिशात तार.

आज आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध. आमच्या माकुणसार गावात पाहुणे जेवणाच्या वासावर येतात, पण भावजी सकाळीच रिक्षा करून हजर. माझे वडे तळायचेच होते.

हे नि भावजी, दोघं बोईसरला एकाच कारखान्यात होते. भंगारात निघालेले कम्प्युटर दोघांनी एकेक उचलून आणलेले.

ह्यांनी त्यात काय काय लिहून ठेवलंय. पण त्याला पेनड्राइव्ह लागत नाय, मागे नुसता सिरीयल पोर्ट, जुन्या तारेचं भोक. म्हणून तार लावून भावजींच्या कम्प्युटरमध्ये उतरवायचं, असं माझ्या नातीने, सोनलने ठरवलं.

मला एकच पाहिजे होतं.
दहाव्याला कावळा शिवला नव्हता. सोनलचं लग्न करू म्हटलं, पडवी बांधू म्हटलं. नाय म्हणजे नाय. शेवटी दर्भाचा कावळा केला.
ह्यांचं काय राहिलं? वर्षभर तेच.

पत्र्यावर पान ठेवलं नि येऊन बसले.
भावजींनी तार लावली. स्क्रीन काळी.

"चुकलो वहिनी. ह्याचं तोंड त्याच्या कानाला जोडायचं असतं. मी तोंडाला तोंड जोडलं."
"म्हणजे तुमच्या दोघांसारखं! दोघं बोलनार, ऐकनार कोन?"

तारा उलटसुलट केल्या. भावजींच्या स्क्रीनवर एकेक अक्षर यायला लागलं. सोनलने वाचलं.

"वसंता, परत सरळच लावलीस ना?"

भावजी मटकन बसले. "मी दरवेळी हेच चुकायचो. म्हणून तो पहिलं हेच पाठवायचा."

पुढची ओळ.
"कमलला तिचं नाव टाइप करायला शिकवायचं राहिलंय."

कमल म्हणजे मी. दुसरीत शाळा सुटलेली.

मग काय, बसले भावजींच्या कम्प्युटरपुढे. सोनल बटण दाखवी, मी एका बोटाने दाबी.
के. ए. एम. ए. एल.

"आजी! आजोबांच्या स्क्रीनवर पण आलं!"

मी म्हटलं, येनारच की.
भावजी हसले नाहीत. तार त्यांच्या हातात होती. मघाशीच काढून गुंडाळलेली.

तेवढ्यात पत्रा वाजला.
कावळा! अख्खं पान उष्टं करून गेला हो!

मला भीती नाय वाटली. एवढा आनंद लग्नातपण नव्हता झाला.

अहो, शिकले हां मी. आता सुखाने जावा.
हे सगळं मी सांगितलं, सोनलने लिहिलं. नाव तेवढं माझ्या बोटाचं.

कमल

भावजी रविवारी परत येतो म्हणालेत.
तार आणू नका, म्हटलं.