ऊन वर आल्याशिवाय

‘पाण्यात कोण हाय ते आधी बघावं,’ असं म्हणून अप्पा विहिरीच्या काठावर उकिडवे बसत, आणि बसूनच राहत.

भालकीत कुणाची घागर किंवा कळशी विहिरीत पडली की त्यांना बोलावणं जाई. ते येत, धोतर वर खोचत, सदरा घडी करून दगडावर ठेवत. मग उतरायचं सोडून पाण्याकडे बघत राहत. आधी एक काठ, मग दुसरा, मग पायऱ्यांखालची सावली. घागरीची मालकीण ताटकळून जाई.

‘अप्पा, बेडकाबिगर कोण असणार हाय आत?’

‘बेडूक तरी हाय का बघू दे की, अक्का.’

एकदा बुडी मारली की मात्र दोन-तीन दमांत घागर वर येई. वर आल्यावर अंग पुसण्याआधी ते पुन्हा एकदा पाण्याकडे बघत. पाण्याशी काम करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती बहुधा निवांत असतात. हे नव्हते. हॉटेलात चहा समोर आला तरी अर्धा कप पिऊन उठत, रस्त्यापर्यंत जाऊन येत आणि पुन्हा बसत. कशासाठी उठलात असं विचारलं तर म्हणत, ‘काई न्हाई. बघून आलो.’

मी तेव्हा हैदराबादच्या एका मराठी साप्ताहिकाला भालकीच्या बातम्या पाठवीत असे. त्यांच्याच गल्लीत माझी खोली होती. त्यांच्याविषयी मला ठाऊक होतं ते इतकंच: वय पन्नाशीचं, लिंगायत, बायको वारलेली, एक मुलगी. तरुणपणी एका अरबाच्या ओळखीने ते बहारीनला गेले आणि मोती काढणाऱ्या होड्यांवर नऊ वर्षं राहिले. पाणबुड्या दगड घेऊन तळाशी जाई. त्याच्या कमरेचा दोर वर होडीत ज्याच्या हातात असे, ते हे. खालून हिसका बसला की ओढायचं, एवढंच काम.

तिथल्या समुद्रातल्या शार्क माशाच्या गोष्टी ते सांगत. हॉटेलात त्यांची थट्टा चाले.

‘अप्पा, तुमचा त्यो मासा मांजरा नदीत आला तर काय करायचं?’

‘मांजरेत मगर हाय. मगर काठावर येऊन पडते, दिसते तरी. ह्यो दिसत न्हाई.’

‘मग तुमाला कसा दिसला?’

यावर ते उठून रस्त्यापर्यंत जाऊन येत.

मुलीला त्यांनी सात वर्षांची असल्यापासून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. पाठीला सुका भोपळा बांधून सुरुवात झाली, आणि वर्षभरात भोपळा सुटला. भालकीत पोहणारी मुलगी दुसरी नव्हती. बायका बोलत. ते म्हणत, ‘बोलणाऱ्या बुडाल्या तर हीच काढंल.’ मुलगी मराठी चौथीपर्यंत शिकली. लग्न झालं ते हुबळीकडच्या मुलाशी. तो कारवारला बंदरावरच्या लाकडाच्या वखारीत कारकून होता. कारवार समुद्रावर आहे, हे बापाला लग्न ठरल्यानंतर कळलं.

तिचं पहिलं पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांना थोडं उर्दू वाचता येई, मराठी नाही. मी वाचलं. घर बरं आहे, सासू मायाळू आहे, मासळीच्या वासाची सवय होते आहे. पुढची ओळ अशी होती: ‘शेजारच्या बायांबरोबर मी रोज पहाटे समुद्रावर पोहायला जाते.’

‘परत वाचा.’

मी परत वाचलं.

‘पहाटे म्हंजे उजाडायच्या आधी का नंतर?’

‘तसं लिहिलेलं नाही.’

‘कामून लिव्हलं न्हाई?’ ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. ‘कागद घ्या अण्णा. आत्ताच लिवायचं.’

बातमी लिहून घ्यायची मला सवय होती, म्हणून ते सांगतील तसं मी लिहीत गेलो. ऊन वर आल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पहाटे आणि सांजेला तो मासा भक्ष्याला काठाकडे येतो. एकटीने जाऊ नये. नदी समुद्राला मिळते तिथे आणि पाणी गढूळ असेल तेव्हा जाऊ नये. कोळी जाळी धुतात तिथे जाऊ नये. पक्षी पाण्यावर झडप घालताना दिसले की बाहेर यावं. खाली मासळीचा थवा असतो आणि थव्यामागे तो असतो. दिसलाच तर हातपाय झाडू नयेत. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावं. अंगावर आला तर डोळ्यांवर आणि कल्ल्यांवर मारावं.

मध्येच ते थांबले. ‘रगत असलं तर जाऊ नये, असं लिवा.’

‘जखम?’

‘जखमच लिवा. बाकीचं तिचं तिला कळंल.’ ते भिंतीकडे बघत होते. मीही कागदाकडे बघत होतो. मी अविवाहित होतो.

‘चकाकणारं काई अंगावर नसावं. त्येला मासळीचं खवलं वाटतं.’ एवढं बोलून त्यांचा हात आपल्या गळ्याकडे गेला. लिंग ज्या चांदीच्या डबीत गळ्यात असतं, ती डबी मुलीला त्यांनीच लग्नात करून दिली होती. लिंग अंगावरून उतरवायचं नसतं. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

‘अय्यांना इचारून येतो,’ म्हणून ते मठात गुरूंकडे गेले आणि दीड तासाने परतले. अय्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. दीड तासातला बराचसा वेळ त्यांनी त्या माशाला दात किती, तो झोपतो का, हेच विचारलं होतं. निर्णय असा मिळाला: डबी घरी ठेवावी, लिंग काळ्या वस्त्रात बांधून गळ्यात असू द्यावं. मी तसं लिहिलं.

शेवटी मी सगळं वाचून दाखवलं. मग माझ्या धंद्यातला प्रश्न सवयीने तोंडातून गेला. ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?’

ते माझ्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, ‘लिवा.’

त्यांच्या दोरावर मस्कतकडचा एक पाणबुड्या होता. पाच वर्षं त्याचा दोर यांच्याच हातात असे. एका दुपारी होडीचा नाखवा यांना काहीतरी विचारत होता आणि हे मान वळवून उत्तर देत होते. तेवढ्यात खालून हिसका बसला. बोलणं पुरं करून यांनी दोर ओढला. उशीर झाला तो पाच मोजण्याइतका. माणूस वर आला, पण एक पाय गुडघ्यापासून नव्हता. संध्याकाळच्या आत तो होडीतच गेला.

‘नाखवा काय विचारत होता?’

‘तांदूळ किती उरलाय म्हणून.’

मी लिहिलं. ते म्हणाले, ‘खोडा.’ मी लेखणी टेकवली, तेवढ्यात म्हणाले, ‘नको, राहू द्या. तिला खरं वाटाय पायजे. ती वाचंल तवा मी तिथं थोडाच असणार हाय.’

पत्र त्याच दिवशी टपालात पडलं. निजामी टपाल जाऊन हिंदुस्थानचं टपाल सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. लांबची पत्रं कुठे कुठे थांबून आठ-दहा दिवसांनी पोचत. दुसऱ्या दिवशी ते तीनदा विचारून गेले, ‘पोचलं असंल का?’

तिसऱ्यांदा आले तेव्हा मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. बाया पहाटे जातात ते हौसेने नाही. दिवसा किनाऱ्यावर पुरुष असतात. ऊन वर आल्यावर ती पोहणार कशी?

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. विहिरीवर ते स्वतः बसत, म्हणून मुलगी भरदिवसा पोहत असे. ते तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटार अड्ड्यावर दिसले. हातात एक पिशवी होती.

‘कारवारला जायलोय. बाप काठावर बसलाय म्हटल्यावर दिवसा पोहाय कोण नको म्हणतंय?’

‘आणि पत्र?’

‘येतंय मागून.’

गुलबर्ग्याहून होटगी, तिथून हुबळी, पुढे घाटातून मोटार. तीन दिवसांचा प्रवास. मी मनात हिशेब केला. पत्राच्या आधी ते पोचणार होते. म्हणजे मुलगी ते वाचेल तेव्हा ते समोरच असणार होते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मी सांगू शकलो असतो. मोटार सुटायला पाच-सात मिनिटं होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते गेले नसते, असं मला तेव्हा वाटलं. आज तेवढी खात्री नाही.

ते भालकीला परत आले नाहीत. दोन महिन्यांनी मुलीचं मला पत्र आलं. त्यातला काही भाग इथे देतो.

‘अप्पा आल्यावर चौथ्या दिवशी तुमच्या अक्षरातलं पत्र आलं. अप्पा म्हणाले, मी आलोय की, आता कशाला वाचतीस. मी म्हटलं, माझ्या नावाचं आहे, वाचणार. मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला लागले. आधी ते मान हलवीत होते. एके ठिकाणी म्हणाले, डोळ्यांवर आधी, कल्ल्यांवर मग. पुढे बहारीनची हकिकत सुरू झाली तेव्हा ते उठले आणि समुद्राकडे चालू लागले. मी वाचत वाचत मागून गेले. ते गुडघाभर पाण्यात पाठमोरे उभे राहिले. लाटांचा आवाज होता म्हणून मी आणखी मोठ्याने वाचलं. संपल्यावर मी कागदाची घडी केली, ते तसेच उभे राहिले.

‘आता मी दहा वाजता पोहते. शेजारच्या बायाही येतात. अप्पा तिथेच गुडघाभर पाण्यात उभे असतात, बसत नाहीत. मी बाहेर येईपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं, हाक मारली, तरी ते मान वळवीत नाहीत आणि उत्तर देत नाहीत. इथल्या लोकांना वाटतं, त्यांना ऐकू येत नाही.’