शेवटला बोळा

चंदाच्या बापाले, म्हणजे माह्या नवऱ्याले, सारं गाव मुखरू ढोलकीवाला म्हणे. आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळात, वीस वर्सं त्याचीच ढोलकी. दिवसभर धानाच्या बांधीत चिखल तुडवे, पण ढोलकी मांडीवर आली का गडी वेगळाच!

त्या साली पावसाळ्यात त्याचा डावा कान ठणकला. दवाखाना दूर कुरखेड्याले, अन् गावात जो तो डाक्टर! दंडारीतल्या भैयाजीनं तंबाखूचं पाणी टाकलं. त्याच्याच हाताखाली ढोलकी शिकलेल्या वारलूनं शेळीचं दूध ओतलं. शेजारच्या बुधरीनं जंगलातला पाला पिळला. नाई म्हणणं या माणसाले जमतच नाई. दुखे एक कान, औषध मात्र दोन्हीत. वरून औषध सांडू नये म्हणून जो तो शेवरीच्या कापसाचा बोळा ठोसे. दहा दिवसात दुखणं गेलं, अन् ऐकू येणंही गेलं.

मंडई, म्हणजे गावची जत्रा, आठ रोजावर आली. मंडईत दंडार, अन् तालमीत हा तीनदा चुकला. शेवटी वारलू कानाशी येऊन वरडला, "मुखरूभाऊ, औंदा मी वाजवतो!"

यानं ढोलकी त्याच्या हाती देली, अन् घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मले लय रडू आलं. मंग राग आला.

सकाळीच बैलबंडी जुपायले लावली. नवऱ्यासंग भैयाजी, वारलू, बुधरी या तिघायलेही आत कोंबलं, ढोलकीसकट. "कानाची वाट लावली ना? चला आता, डाक्टरले तोंड दाखवा!" कुरखेडा येतवरी माह्या तोंडाचा पट्टा थांबला नाई.

डाक्टरनं चिमटा घातला. हिरवा बोळा निघाला.

"बुधरीचा!" मी म्हटलं.

मंग दुधानं आंबलेला. "वारल्याचा!" मंग तंबाखूचा. भैयाजी छताकडे पाहू लागला.

"थांबा, आत अजून आहे," डाक्टर म्हणाले.

लसणाच्या तेलात भिजलेली चिंधी निघाली, जांभळ्या काठाची. सारे माह्या लुगड्याच्या फाटक्या पदराकडे पाहू लागले. का सांगू बापा! सर्वायच्या आधी, पहिल्याच रोजी, मीच कोंबली होती, अन् साफ विसरून गेली होती.

दुसऱ्या कानातही हाच बाजार. डाक्टरनं दोन्ही कान धुतले. "पडदे शाबूत आहेत. आता यात पाण्याचा थेंबही टाकायचा नाही, बाई." ते मलेच काऊन म्हटलं, ते समजलं मले.

बाहेर वारलूनं भीत भीत ढोलकीवर थाप मारली.

"अरे थांब, थांब! किती उतरली हे! कोणालेच समजलं नाई काय?" असं म्हणत चंदाचा बाप दवाखान्याच्या ओट्यावरच बसला अन् दोऱ्या ताणू लागला. वारलू त्याच्या गळ्यात पडला. "मंडईत तूच वाजव भाऊ!" आम्ही सारे रडत होतो अन् हासत होतो.

येताना बंडी त्यानंच हाकलली. मी मागं गुमान बसली. शेवटी पदर तोंडावर घेऊन अगदी हळू म्हटलं, "चुकलं बापा माह्यं."

तो मागं न पाहताच हासला. "आयकू आलं, सुगंधा."