अनवाणी बाई

आमच्या वाचनालयातल्या सुमनताई जुन्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालतात. परवा त्यांच्या हातात एका जुन्या इंग्रजी भयकादंबरीचं भाषांतर होतं. मुखपृष्ठावर काळाकुट्ट किल्ला आणि त्यातून पांढऱ्या झग्यात अनवाणी पळणारी बाई.

"पळायचंच होतं, तर चपला घालायला काय झालं हिला?" सुमनताई म्हणाल्या.

मला हसू आलं. असल्या कादंबऱ्यांतल्या नायिका सगळ्या एकाच माळेचे मणी. तळघरात खुट्ट झालं की मेणबत्ती घेऊन एकट्या खाली उतरणार आणि भूत दिसलं की बेशुद्ध पडणार. किल्ल्याचा मालक मात्र वर शेकोटीपाशी आरामात. अक्कल म्हणून नाही बाईला, असं पुटपुटत मी पुस्तक घरी आणलं.

दुपारी वाचत पडले होते, तोच स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं.

"काय पडलं, बघ गं जरा," पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले.

मी उठले, तीही अनवाणीच. मांजर खिडकीतून पसार झालं होतं आणि पाय थेट सांडलेल्या दुधात पडला.

फरशी पुसता पुसता त्या बाईवरचा माझा राग पार निवळला. उलट थोडा हेवाच वाटला. तिला निदान बेशुद्ध पडायची सवड होती. मला अजून चहा टाकायचा होता, तोही बिनदुधाचा.